आईची पाल, बाबांच्या हवाली

माझे बाबा देवासच्या एका कारखान्यात फोर्ज शॉपला होते. लालबुंद लोखंड सांडशीत धरून घणाखाली सरकवायचं, हे त्यांचं काम. मनगटांवर भाजल्याचे जुने डाग होते, त्यांच्याबद्दल ते कधी बोलत नसत. असा हा माणूस पालीला भ्यायचा, आणि तेही साधंसुधं नाही. ट्यूबलाइटच्या मागून पाल बाहेर आली की बाबा हातातलं ताट घेऊन सरळ अंगणात जाऊन बसत आणि घास गिळत गिळत खिडकीतून विचारत, "गेली का?"

लहानपणी जळगावकडच्या त्यांच्या गावी छपरातून एक पाल त्यांच्या सदऱ्यात पडली होती आणि बाहेर पडायची वाट न सापडल्यामुळे बराच वेळ पाठीवरून फिरत राहिली होती. एवढंच कारण. पण ते सांगतानाही त्यांचे खांदे आपोआप वर जात.

आईचं सगळं उलट. तिचं माहेर धारचं. संस्थान होतं तेव्हा तिच्या घरातले पुरुष दफ्तरात कामाला असत, त्यामुळे बोलणं जुन्या वळणाचं, पंचांग रोज उघडायचं. पण त्याच घरातून आईनं प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केली होती आणि लग्नाआधी काही दिवस शाळेत शिकवलंही होतं. देवासला क्वार्टरमध्ये राहायला आल्यावर ते शिक्षण कुठं वापरायचं हा प्रश्नच होता. माझ्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या बेडकाच्या आकृतीवर ती जितकी रमायची तितकी मी कधी रमले नाही.

मी सातवीत असताना उन्हाळ्यात क्वार्टरांची पुताई, म्हणजे रंगसफेदी, निघाली. आईनं भिंतीवरची तसबीर काढली तर मागे, खिळ्याच्या बाजूला, दोन पांढरी गोल अंडी चिकटलेली. वाटाण्याएवढी. एक हात लागताच फुटलं. दुसरं आईनं चमच्याच्या टोकानं अलगद सोडवलं, त्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं बारीक ठिपका केला आणि काचेच्या रिकाम्या बरणीत कापसावर ठेवलं.

"ठिपका कशाला?" मी विचारलं.

"हे कोंबडीचं अंडं नाही, उलटसुलट केलं की आतलं पिल्लू दगावतं. ठिपका कायम वरच राहिला पाहिजे."

बाबा दारातूनच म्हणाले, "ते आत दगावलं तर काही बिघडत नाही."

पावसाळ्यात एका दुपारी शाळेतून आले तर आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बरणीकडे बघत उभी. गॅसवरची भाजी करपत होती. बरणीत आगपेटीच्या काडीपेक्षा थोडं लांब, जवळजवळ पारदर्शक पिल्लू काचेला चिकटून उभं होतं. त्याच्या पोटातून आतला काळसर ठिपका दिसत होता. आईनं मला बोटांच्या खालच्या बारीक घड्या दाखवल्या. तेवढ्यात पिल्लानं जीभ काढून स्वतःचा डोळा पुसला.

"पापण्या नसतात ना," आई म्हणाली. "म्हणून."

आई त्याला "पिल्लू" म्हणायची. बाबा मात्र पहिल्या दिवसापासून "बाईसाहेब" म्हणत. शेजारचं एक कुटुंब बदली होऊन गेलं, जाताना माशांची काचेची पेटी आम्हाला देऊन गेलं. तिच्यात आईनं वीट ठेवली, झाडाची साल टेकवली, वर जाळीचं झाकण बसवलं. तेव्हा देवासला पाण्याचे फार हाल होते. टँकर आला की सगळी कॉलनी बादल्या घेऊन धावायची. आणि आई इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या फवाऱ्यानं त्या पेटीच्या काचेवर पाणी मारायची, कारण पाल वाटीतलं पाणी पीत नाही, काचेवरचे थेंब चाटते.

"माणसांना प्यायला पाणी नाही," बाबा म्हणाले, "आणि बाईसाहेबांना फवारा!"

"तुमच्या दाढीच्या पाण्यापेक्षा कमीच लागतं," आई म्हणाली.

समोरच्या घरातल्या काकूंनी ही पेटी पाहिली तेव्हा त्या हिंदीत किंचाळल्या, "भाभीजी, आपने छिपकली पाल ली?" यावर आई आणि मी इतक्या हसलो की त्यांना राग आला. मग आईनं त्यांना समजावून सांगितलं, आमच्या भाषेत छिपकलीलाच पाल म्हणतात, म्हणजे तुम्ही एका वाक्यात तिचं नाव दोनदा घेतलंत. त्या हसल्या, पण पुढे आमच्याकडे चहाला आल्या की पेटीकडे पाठ करून बसत.

असं दीड-दोन वर्षं चाललं. पेटी आईची आणि माझी, बाकीचं घर बाबांचं.

मग कारखान्याला टाळं लागलं. आधी शिफ्ट कमी झाल्या, मग गेटवर बैठका, मग एक दिवस सकाळचा भोंगा वाजलाच नाही. बाबा तरीही त्या वेळी उठले, दाढी केली, डबा नाही म्हणून रिकाम्या हातांनीच गेटपर्यंत जाऊन आले. पुढे कितीतरी दिवस तसेच जाऊन येत राहिले. घरात आल्यावर त्यांना कुठं बसावं ते कळत नसे. दिवसाउजेडी घरात असायची त्यांना सवयच नव्हती.

धारला मामानं खटपट करून आईला तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचं काम मिळवून दिलं. देवासहून रोज जाणं-येणं होण्यासारखं नव्हतं, इंदूरला बस बदलावी लागे. तेव्हा असं ठरलं की आईनं आठवडाभर मामाकडे राहायचं आणि शनिवारी संध्याकाळी यायचं. माझी शाळा देवासची, म्हणून मी बाबांजवळ. क्वार्टर अजून तरी खाली करायला कुणी सांगितलं नव्हतं.

पेटी धारला न्यायचं आईच्या मनात होतं. मामानं फोनवर स्वच्छ नकार दिला. पाल अंगावर पडली तर कुठल्या खांद्यावर काय फळ, हे ज्याच्या घरी पंचांग उघडून बघतात, तिथं पाल पेटीत घालून कशी न्यायची?

निघायच्या आदल्या दिवशी जेवताना आई म्हणाली, "पिल्लाचं तुम्हाला बघावं लागेल."

बाबांचा घास हातातच राहिला. "मला? हिला सांग ना."

"तिची शाळा, क्लास. संध्याकाळच्या वेळी ती घरात नसते आणि पिल्लू खातं तेव्हाच." मग आई बोलून गेली, "तुम्ही घरी असता ना."

तिनं असं बोलायला नको होतं, हे तिला बोलल्याबरोबर कळलं. तिनं काहीतरी सावरायचा प्रयत्न केला. बाबांनी उरलेली भाकरी मोडली, खाल्ली, ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं आणि चपला घालून बाहेर गेले. देवीच्या टेकरीच्या बाजूनं बरंच फिरून आले असावेत, पायांवर धूळ होती. परत आल्यावर ते पेटीपासून हातभर अंतरावर उभे राहिले आणि म्हणाले, "सांग, काय काय करायचं असतं?"

पहिल्या संध्याकाळी मी क्लासहून आले तर बाबा फोर्ज शॉपचे कोपरापर्यंतचे चामडी हातमोजे घालून पेटीसमोर उभे. हातात लांब सांडशी. सांडशीच्या टोकाला एक नाकतोडा. समोर माझ्या बोटाएवढी पाल. मला हसू आवरेना.

"हसू नको," बाबा गंभीरपणे म्हणाले. "झाकण तू उचल."

मी झाकण उचललं, बाबांनी सांडशी आत सोडली, आणि नाकतोडा निसटून थेट माझ्या फ्रॉकवर आला. बाईसाहेब सालीच्या आड जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांना उपास घडला.

पण दोन-चार दिवसांत बाबांचा हात बसला. कामाचा माणूस. काम कसं करायचं हे एकदा कळलं की ते नीटच करायचे. अंगणातल्या बल्बखाली पांढरी चादर टांगून ते पतंग गोळा करू लागले. कंपाउंडच्या भिंतीकडे बसून रातकिड्यांचा आवाज कुठून येतो ते ऐकू लागले. थंडीत किडे मिळेनासे झाले तेव्हा बाबा चक्कीवर गेले आणि अळ्या पडलेला कोंडा मागितला. चक्कीवाला आधी चिडला, आपल्या कोंड्यात अळ्या नसतात म्हणून. बाबांनी त्याला सगळी हकिकत सांगितली. तेव्हापासून तो खराब निघालेला कोंडा बाबांसाठी डब्यात बाजूला ठेवायचा.

आईला फोन करायला आम्ही कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जात असू. सुरुवातीला बाबांना फोनवर काय बोलावं ते सुचत नसे. काम मिळालं का, हे आई विचारत नव्हती. मिळालं नाही, हे बाबा सांगत नव्हते. दोघं नुसते "हं" "हं" करत राहायचे आणि समोरच्या यंत्रावर आकडे पळत राहायचे. पण मग बाबा म्हणायचे, "आज दोन पतंग खाल्ले," आणि आई तिकडून विचारायची, "मोठे की लहान? पंखांसकट?" की त्यांचं बोलणं सुरू. मी काचेच्या दाराबाहेर उभी राहून बघायची. पुढे मोठेपणी मला कळलं, त्या महिन्यांत माझे आई-बाबा एकमेकांशी बोलत राहिले ते त्या पालीमुळे.

एकदा बाबांकडून झाकण घाईत पडलं आणि कडेला शेपटी सापडली. पाल आत पळाली, शेपटी बाहेर टेबलावर पडली आणि नागासारखी वळवळायला लागली. मला वाटलं बाबा आता अंगणात पळणार. ते पळाले नाहीत. पांढरे फटक पडून तसेच उभे राहिले. "मारलं मी तिला," एवढंच म्हणाले आणि पायात चपला न घालताच एसटीडीकडे निघाले. मी मागोमाग.

"तुटली!" ते फोनमध्ये ओरडले. "अगं, तुटली! माझ्या हातून!"

काउंटरवरचा माणूस माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "क्या हुआ बेटा, किसी की सगाई टूट गई क्या?"

फोनमधून आईचं हसणं मला बाहेरपर्यंत ऐकू आलं. शेपटी परत येते, ती म्हणाली, थोडी बुटकी येईल, रंग वेगळा येईल, पण येते. बाबांनी मला बोलावून फोन माझ्या कानाला लावला आणि म्हणाले, "तू पण ऐक. म्हणजे मला उद्या खोटं वाटायला नको."

त्या हिवाळ्यात लाइटचे फार हाल होते. पेटीवर उबेसाठी आईनं एक पिवळा बल्ब लावला होता, पण लाइट जायची ती तासन्‌तास यायची नाही. कडाक्याच्या थंडीत पाल मलूल झाली. खाईना. तिची कात निघायची वेळ आली होती, पण नीट सुटेना. एरवी ती कात सोडायची आणि स्वतःच खाऊन टाकायची. या वेळी चारही पायांच्या बोटांना पांढऱ्या पापुद्र्याचे वेढे बसले होते. तिला काचेवर चढता येईना, घसरून पडायची.

आम्ही फोन केला तर आई म्हणाली, "ते वेढे आवळत जातात. बोटं झडतील. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्यात तिला थोडा वेळ धरायचं आणि मग कापसाच्या बोळ्यानं हलकेच सोडवायचं. ती करेल." ती म्हणजे मी.

त्या दिवशी माझ्या शाळेला सुट्टी होती. मी पेटीत हात घातला, पण माझ्याकडून तिला नीट धरता येईना, एक तर फार दाबायची नाहीतर सोडून द्यायची. बाबा बघत होते. मग ते म्हणाले, "सरक."

त्यांनी हात धुतले. माझी जुनी सुती ओढणी फाडून तिचं फडकं केलं, कोमट पाण्यात भिजवून पिळलं, तळहातावर पसरलं. हातमोजे घातले नाहीत. मी पाल उचलून त्या फडक्यावर ठेवली आणि बाबांनी मूठ मिटली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. कपाळावर घाम आला होता, ओठ आवळलेले, डोळे समोरच्या भिंतीवर. मुठीच्या वरच्या टोकाला तिचं तोंड दिसत होतं.

"हलतेय," ते म्हणाले. "पोट हलतंय तिचं. श्वास घेतेय."

मग त्यांनी खाली पाहिलं. एकेक पाय फडक्यातून बाहेर काढून ते मला धरायला सांगत आणि स्वतः कापसाच्या ओल्या टोकानं तो पापुद्रा सोडवत. लोखंड धरणारी ती जाड बोटं इतकी हलकी चालतात, हे मला माहीत नव्हतं. एक बोट मात्र वाचलं नाही, आधीच काळं पडलं होतं. बाकी सगळी सुटली. काम झाल्यावर बाबांनी तिला पेटीत सोडलं, पेटीला गोधडी गुंडाळली, मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात साबणानं धुतले, दोनदा. मग बाहेर येऊन म्हणाले, "गार असते. मला वाटायचं, बुळबुळीत असेल. नसते."

शनिवारी आई आली. बाबांनी काही सांगितलं नाही, मीच सगळं सांगितलं. आई दप्तर खाली न ठेवता ऐकत होती. मग आत जाऊन चहा टाकला, त्यांचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यांच्या शेजारीच पाटावर बसली. एरवी ती चहा ओट्याशी उभ्या उभ्याच घ्यायची. त्या संध्याकाळी बाबांनी स्वतःहून कारखान्याचा विषय काढला. तो आता उघडत नाही, म्हणाले. पीथमपूरच्या कारखान्यांत बघतो.

पीथमपूरला काम मिळायला उन्हाळा उजाडला. पीथमपूर धारहून जवळ, तेव्हा आम्ही देवास सोडायचं ठरवलं. सामान ट्रकनं गेलं आणि आम्ही तिघं बसनं. पेटी मोठी, म्हणून पाल तिच्या पहिल्या बरणीत, वर फडकं बांधून. बरणी बाबांच्या मांडीवर. इंदूरला गंगवाल स्टँडवर धारच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "क्या ले जा रहे हो भिया, अचार?" बाबा म्हणाले, "हाँ दादा, अचार ही है." वाटेतल्या घाटाबिल्लोदपर्यंत ते बरणीवर हाताची सावली धरून होते, उन्हाची तिरीप खिडकीतून येत होती म्हणून.

धारला आम्ही वेगळं घर भाड्यानं घेतलं. मामा पहिल्यांदा आला तेव्हा दारातूनच म्हणाला, "जावईबुवा, ते जनावर कुठं आहे ते आधी सांगा, म्हणजे मी दुसऱ्या बाजूला बसतो."

बाबा म्हणाले, "या बसा. ती कुणाच्या अंगावर पडत नाही. चांगल्या घरची आहे."

ती आमच्याकडे आणखी काही वर्षं राहिली. शेपटी बुटकी आली, करडी. बाबा पीथमपूरहून कंपनीच्या बसनं परतले की बूट काढायच्या आधी पेटीत डोकावत. भिंतीवरच्या इतर पालींना मात्र ते भ्यायचे ते भ्यायचेच. त्याचं त्यांना स्वतःलाही नवल वाटे. एका पावसाळ्यात ती खायची कमी झाली, मग विटेच्या खालीच पडून राहू लागली आणि एका सकाळी हललीच नाही. आईनं बघितलं, मान हलवली. बाबा कामावर गेले नाहीत. कंपनीत काय कारण सांगितलं ते आम्हाला कधी कळलं नाही.

मी नंतर इंदूरला नोकरीला लागले, लॅपटॉप घेतला. एका सुट्टीत धारला आले असताना इंटरनेटवर मला एका पालीचा फोटो सापडला. क्रेस्टेड गेको. दूर समुद्रातल्या बेटांवरची, परदेशात लोक हौसेनं घरी पाळतात ती. डोळ्यांवर दोन्ही बाजूंनी पापण्यांच्या केसांसारखी झालर, ती मानेपर्यंत गेलेली. मी आई-बाबांना बोलावलं.

"हिला पापण्या आहेत," बाबा म्हणाले.

"नाहीत," आईनं चष्मा वर सरकवला. "नुसती झालर आहे. ही पण जिभेनंच डोळा पुसत असणार."

मी पुढचं वाचून मराठीत सांगू लागले. ही नामशेष झाली असं लोक समजत होते, मग पुन्हा सापडली. फळांची पावडर पाण्यात कालवून दिली तरी खाते.

"म्हणजे किडे पकडायला नकोत?" बाबांचा चेहरा पडला. "मग दिवसभर करायचं काय?"

हिची शेपटी तुटली तर परत येत नाही, असंही लिहिलं होतं. बाबांनी "अरेरे" केलं आणि झाकण कसलं वापरतात ते बघायला सांगितलं. मी गमतीनं म्हटलं, मिळते का बघू का कुठं?

"वेडी का तू," आई म्हणाली. "लिहिलंय बघ, हिला गरमी सोसत नाही. धारच्या मे महिन्यात दोन दिवस जगायची नाही."

"कूलर आहे की," बाबा म्हणाले.

"आणि लाइट गेली की?"

"माठ. माठ ठेवायचा शेजारी, ओलं पोतं गुंडाळून. ओल पण राहते, थंडावा पण."

"पोत्याला बुरशी धरते."

"रोज बदलायचं. आपल्याकडे पोती काय कमी आहेत?"

मी लॅपटॉप बंद केला, पानं घेतली, वरण गरम केलं, तरी दोघांचं संपलं नव्हतं. शेवटी बाबा उठले आणि कूलरजवळचा कोपरा वितीनं मोजू लागले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून त्यांना सांगत होती की तिथं नको, दुपारचं ऊन येतं, देवघराच्या बाजूची भिंत बघा.